सुपारी बाकी आहे

विनूभाऊ मुळ्यांनी माझ्यासमोर पहिली सुपारी ठेवली तेव्हा मला वाटलं, गृहस्थ पूजेला बसलेत आणि मला गणपती समजताहेत.

झालं होतं एवढंच. आमचे हे रेल्वेत, त्यांची बदली झाली आणि आम्ही साताऱ्याहून उठून थेट बनारसला येऊन पडलो. अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत मुळ्यांच्या घराचा खालचा मजला भाड्यानं मिळाला. वर विनूभाऊ, त्यांची बहीण शकू आणि आई, म्हणजे माई. मुळ्ये पिढ्यान्पिढ्या बनारसचेच. मराठी बोलतात, पण अर्धी वाट हिंदीतून चालून येतात.

पहिल्याच दिवशी मी नळाला पाणी कधी येतं ते विचारायला वर गेले. नुसतं विचारून परत यावं की नाही? पण माझं तोंड! म्हटलं, "पाणी कधी येतं हो इथं? आमच्या साताऱ्याला पहाटे यायचं. तरी बरं, सासऱ्यांनी टाकी बांधून घेतली होती." तेवढ्यात विनूभाऊंनी शर्टाच्या खिशातून एक अख्खी सुपारी काढली आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. मला काही कळेना. मी आपली पुढं, "सासरे म्हणजे काय माणूस होता सांगू, एकदा कलेक्टरला..." तर पहिल्या सुपारीशेजारी दुसरी आली.

"वहिनी," विनूभाऊ शांतपणे म्हणाले, "तुम्ही पाण्यातून टाकीत गेलात. टाकीतून सासऱ्यांत गेलात. आता वापस या. सासऱ्यांचं संपलं?"

"संपलं."

त्यांनी एक सुपारी उचलली. "टाकीचं?"

"तेही संपलं."

दुसरी उचलली. "छान. पाणी सकाळी उजाडता उजाडता येतं."

मी खाली आले आणि ह्यांना म्हटलं, घरमालक डोक्यानं थोडे हललेले दिसतात, पण पाण्याचं नीट सांगितलं.

तर असे हे विनूभाऊ. चाळिशी ओलांडलेले, लग्न न झालेले, उंच, पोक काढून चालणारे. शर्टाचा डावा खिसा सुपाऱ्यांनी कायम लोंबलेला. बिचारं पेन पँटच्या खिशात. एका कॉलेजात काँप्युटरवर काम करायचे. तेव्हा काँप्युटर म्हणजे गारगार खोलीत चपला बाहेर काढून बघायची वस्तू होती. त्या खोलीत बसून ते करायचे काय, हे मी एकदा विचारलं. विचारलं ही चूकच, पण त्यामुळे सुपारीचं कोडं सुटलं.

"समजा, वहिनी, एक पेटी आहे," ते म्हणाले. "तिच्यात काही सामान आहे आणि काही छोट्या पेट्या आहेत. त्या पेट्यांत आणखी पेट्या. किती खोल, कोणालाच पता नाही. मला सगळं सामान बाहेर काढायचंय. तर मी मशीनला एकच गोष्ट शिकवतो. पेटी उघड. सामान दिसलं, उचल. पेटी दिसली, तर तिच्यासाठी पुन्हा हेच कर. बस्स."

"पुन्हा हेच म्हणजे?"

"म्हणजे ते काम स्वतःलाच हाक मारतं."

"आमचे सासरे शेवटी शेवटी तसंच करायचे," मी म्हटलं. समोर सुपारी आली.

"हां, हीच!" विनूभाऊ एकदम खूश झाले. "मशीन आतल्या पेटीत शिरलं की बाहेरच्या पेटीत आपण कुठवर आलो होतो ते विसरणार. म्हणून आत जाताना एक खूण ठेवायची, बाहेर येताना उचलायची. पोरांना हे समजत नव्हतं, म्हणून मी सुपारी ठेवायला लागलो. आणि मग माझ्या ध्यानात आलं की माणसंपण अशीच बोलतात. आत जातात, वापसच येत नाहीत!"

माणसं म्हणजे कुठली, तर बनारसची! या गावात कोणी मुद्द्यावर परत आलेलं मी तरी पाहिलं नाही. दुधाचा भाव विचारावा तर दूधवाला म्हशीवर, म्हशीवरून जावयावर आणि जावयावरून दिल्लीच्या सरकारवर जातो. दूध तिकडे नासतं. अशा गावात हा एकटा माणूस खिशात सुपाऱ्या घेऊन लोकांना मुद्द्यावर आणत हिंडत होता. कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या पाटावर त्यांनी एकदा ओळीनं सुपाऱ्या मांडल्या, तर तो हात जोडून म्हणाला, "का हो मास्टर साहब, हमरे आगे सुपारी काहे रखत हउआ? सुपारी त हम खुदे बेचीला!" सुपारी विकणाऱ्यापुढंच सुपारी! पण दुसऱ्या दिवशी त्यानंच हाक मारून सांगितलं की कालची एक गोष्ट पुरी करायची राहिली होती. गल्लीत त्यांचं नाव पडलं सुपारी गुरू.

या सुपारीनं एकदा भलताच घोळ झाला. माझा भाऊ मुंबईहून आला होता. संध्याकाळी विनूभाऊ जिन्यात भेटले आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "आज कॉलेजच्या बडे बाबूंच्या, हेडक्लार्कच्या, चार सुपाऱ्या घेतल्या. पाचवी राहिली, उद्या बघतो." मुंबईत त्या दिवसांत सुपारी घेण्याचा अर्थ काय होता ते वाचकांना माहीत आहेच. भावाचा चेहरा पांढराफटक. जेवण झाल्यावर हळूच मला म्हणतो, "ताई, खोली बदल." मी हसून हसून बेजार झाले. भावाचं लग्न पुढं त्याच वर्षी झालं, बायको कोल्हापूरची, आणि तिच्या हाताला अशी काही चव... राहू दे. उचलते सुपारी. विनूभाऊ.

आत गेलेलं बाहेर आलं नाही की विनूभाऊंना शारीरिक त्रास व्हायचा. एकदा कॉलेजात सगळ्या विभागांची माहिती मशीनमध्ये भरली. कोण कोणाच्या हाताखाली, सगळं पेटीत पेटी. भरणाऱ्यानं होस्टेल घातलं प्राचार्यांच्या आत, ते बरोबर. पण प्राचार्य राहायचे होस्टेलच्या आवारातल्या बंगल्यात, म्हणून त्यानं प्राचार्यांना घातलं होस्टेलच्या आत! विनूभाऊंचं काम सुरू झालं. होस्टेलात गेलं, तिथं प्राचार्य दिसले, प्राचार्यांत गेलं, तिथं होस्टेल दिसलं, होस्टेलात गेलं. मशीन तासभर आत आत जात राहिलं आणि शेवटी त्यानं मान टाकली. मला तर ऐकून हसूच फुटलं, पण विनूभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत.

"आत जायला डर नाही, वहिनी," ते जिन्यात बसून म्हणाले. "वापस यायचा रस्ता हरवला, की मग संपलंच."

त्यांना एवढं का लागलं ते मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते माईंमुळे.

माई म्हणजे बोलण्याचं भांडार. मला त्या सातारकरीण म्हणायच्या आणि दुपारी हक्कानं वर बोलवून घ्यायच्या. पण अलीकडे त्यांचं विसरणं वाढलं होतं. गोष्टीत शिरायच्या, त्या गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत, आणि मग मध्येच थांबून भांबावल्यासारख्या बघायच्या. "मी काय सांगत होते गं?" इतर जण म्हणायचे, जाऊ दे माई. विनूभाऊ कधीच जाऊ दे म्हणाले नाहीत. माईंपुढं सुपाऱ्यांची ओळ मांडून बसायचे आणि एकेक उचलत त्यांना बाहेर आणायचे. कॉलेजात, गल्लीत ती सुपारी गंमत होती. घरात ती माईंना धरून ठेवायची दोरी होती.

आणि अशात शकूचं लग्न ठरलं.

शकू पस्तिशीच्या पुढची. शाळेत शिकवायची, मोजकं बोलायची. कितीतरी वर्षांपूर्वी तिचं एकदा ठरलं होतं आणि ऐन वेळी मोडलं होतं. तेव्हापासून घरात लग्न हा शब्दच बंद. आता जबलपूरचे एक प्राध्यापक, चांगला सरळ माणूस, त्यांनी आपण होऊन विचारलं आणि शकू हो म्हणाली. मुळ्यांच्या घरात इतकी धांदल मी कधी पाहिली नव्हती. माई तर सारखं म्हणत होत्या, "गौरीहराला माझी अन्नपूर्णा पूजायची हं, शकू. माझ्या आईची आहे."

गौरीहराची पूजा म्हणजे नवरी बोहल्यावर चढण्याआधी बसते ती. माहेरची छोटी पितळेची अन्नपूर्णा पुजायची आणि तीच सासरी घेऊन जायची. प्रश्न इतकाच होता की माईंची अन्नपूर्णा देवघरात नव्हती. ती माईंनीच कधीतरी नीट सांभाळून ठेवली होती. कुठं, ते माईंना आठवत नव्हतं.

मी म्हटलं, ठठेरी बाजारात, म्हणजे इथल्या तांबट आळीत, हव्या तितक्या मिळतात, नवी घ्या. साक्षात अन्नपूर्णेच्या गावात राहून एका मूर्तीसाठी अडायचं म्हणजे काय! शकूनं माझ्याकडे बघितलं. "मला तीच पाहिजे, वहिनी. नवी घेतली तर माई समजेल की ती हरवली. अन्नपूर्णा नाही, ती स्वतः." आणि खरंच, माई देवघरासमोर बसून रडायला लागल्या होत्या. "माझ्या आईची वस्तू मी माझ्या हातानं हरवली. मला आता ठेवून काय उपयोग?"

विनूभाऊंनी रजा टाकली आणि घर शोधायला घेतलं, अर्थात त्यांच्या पद्धतीनं. कपाट उघडायचं, कप्पा उघडायचा, कप्प्यातली पिशवी, पिशवीतला डबा, डब्यातली पुरचुंडी, तळापर्यंत जाऊन मगच वर यायचं. दारासमोर, कपाटासमोर सुपाऱ्या. मोलकरणीचा पाय त्यांवरून दोनदा घसरला. खाली येऊन माझं स्वयंपाकघरही तपासलं. मी म्हटलं, "अहो, आम्ही भाडेकरू!" तर म्हणाले, "तुमचं घर आमच्या घराच्या आतच आहे ना, वहिनी." पण मिळालं काही नाही.

"वस्तू घरात नाही सापडणार," शेवटी ते म्हणाले. "माईच्या आत सापडेल."

थंडीचे दिवस होते. दुपारी गच्चीवर माईंना उन्हात चटईवर बसवलं. मी मटार सोलत होते. शकू जिन्याच्या दारात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. विनूभाऊ माईंसमोर मांडी घालून बसले.

"माई, अन्नपूर्णा देवघरातून काढलीस तेव्हा काय करत होतीस?"

"पुरण वाटत होते," माई लगेच म्हणाल्या. "पण पुरणयंत्र कुठं घरात होतं? ते जोशीणबाईंनी नेलेलं." एक सुपारी. "जोशीणबाई म्हणजे, घरात पाणी शिरलं होतं ना त्यांच्या, तेव्हापासून सगळं मागूनच." दुसरी. "काय तो पूर रे! नाव थेट गल्लीत आली होती. आणि तो नाववाला, काय नाव त्याचं, त्याची बायको पोटुशी..." तिसरी.

मी मटार सोलायचे थांबले. विनूभाऊ घाई करीत नव्हते. नाववाल्याच्या बायकोचं बाळंतपण त्यांनी पूर्ण होऊ दिलं. मुलगा झाला. सुपारी उचलली. "मग पूर ओसरला, माई?" ओसरला. उचलली. "मग जोशीणबाईंनी यंत्र परत दिलं?" "दिलं की. धुऊनही नाही दिलं मेलीनं." उचलली.

"आणि तू पुरण वाटलंस. कोण येणार होतं जेवायला?"

माई लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळायला लागल्या. मग मला कळलं. सगळ्या गोष्टी फिरून फिरून इथंच येत होत्या, आणि इथं आलं की माई दुसरीकडे पळत होत्या. ते पुरण शकूच्या पहिल्या ठरलेल्या सासरच्या मंडळींसाठी होतं. मंडळी आली नाहीत, नकार आला.

"माई, वापस ये. कोण येणार होतं?"

माईंनी मान वर केली आणि एकदम विनूभाऊंकडेच बघितलं. "विनू, त्या दिवशी तू म्हणालास ना, शकूचं होईस्तोवर मी लग्न करणार नाही. मी तेव्हा गप्प बसले. मला तुला सांगायचं होतं रे. तेव्हाच सांगायला हवं होतं, की..."

विनूभाऊंचा हात खिशात गेला. सुपारी त्यांनी माईंच्या अगदी पायांशी ठेवली.

तेवढ्यात मागून शकू आली. घड्या तिथंच टाकून माईंच्या पुढ्यात बसली. "माई, मी देवघरासमोर रडत होते. त्या दिवशी. आठवतं? मग तू काय केलंस?"

तिनं स्वतःच तो दिवस बोलून दाखवला. इतक्या वर्षांत त्या घरात तो कोणी बोलला नव्हता. माईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"तू अन्नपूर्णेकडे बघून रडत होतीस गं. मग मी तिला काढली. तुझ्या डोळ्यांपुढं नको म्हणून. तुझ्याच डब्यांत ठेवली. सगळ्यांत आतल्या. आणि मूठभर तांदूळ घातले. अन्नपूर्णेला उपाशी कशी ठेवू?"

विनूभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही सगळे खाली पळालो. शकूच्या त्या वेळच्या रुखवताची ट्रंक पलंगाखाली होती. तिच्यात स्टीलच्या कडीच्या डब्यांचा संच, जागा वाचवायला एकात एक घालून ठेवलेला. विनूभाऊंनी परवा ती ट्रंक उघडली होती, मोठा डबा उघडला होता, आत दुसरा डबा दिसला होता. आणि नेमकी शकू खोलीत आली म्हणून त्यांनी झटकन झाकण लावून ट्रंक पलंगाखाली ढकलली होती. सगळ्या जगाला तळापर्यंत जायला सांगणारा माणूस बहिणीचं तोंड बघून दुसऱ्याच डब्यावर थांबला होता!

आता शकूनंच एकेक डबा काढला. शेवटचा हाताच्या तळव्यावर मावेल एवढा. त्यात तांदळाचं किड्यांनी पीठ केलं होतं, आणि त्या पिठात, हातात पळी घेऊन, अन्नपूर्णा बसली होती. मला रडूच आलं, माझं काही नव्हतं तरी. माई वरून ओरडत होत्या, "आधी तिला आंघोळ घाला!"

लग्न थाटात झालं. गौरीहराला शकू मांडीवर अन्नपूर्णा घेऊन बसली आणि माई सांगत सुटल्या, माझ्या आईची, माझ्या आईची. सुपाऱ्या त्या दिवशी फक्त पूजेच्या.

शकू जबलपूरला गेली. पुढं माईंचं बोलणं भराभर ओसरत गेलं. आधी नावं गेली, मग गोष्टी, आणि वर्षभरात तर त्या दिवसचे दिवस तोंड उघडेनाशा झाल्या. उन्हात बसवलं तर बसायच्या, घास भरवला तर गिळायच्या. विनूभाऊंना हाकच मारायच्या नाहीत.

आणि आमची बदली भुसावळला झाली. निरोप घ्यायला मी गच्चीवर गेले. माई चटईवर, विनूभाऊ शेजारी संत्रं सोलत बसलेले. मला भरून आलं होतं, आणि भरून आलं की मी जास्तच बोलते. बदलीवरून सामानावर, सामानावरून ट्रकवाल्यावर, ट्रकवाल्यावरून थेट सासऱ्यांवर गेले. विनूभाऊ ऐकत होते. माझ्यासमोर सुपारी काही येईना. बघितलं तर शर्टाचा खिसा सपाट, इस्त्री केल्यासारखा.

"अहो, सुपाऱ्या कुठं गेल्या?"

"सोडून दिलं, वहिनी. बोला तुम्ही. बरं वाटतं."

मी माईंच्या चटईची घडी सरळ करायला वाकले. त्यांच्या पायांपाशी एक सुपारी होती. हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. राहिली असेल म्हणून मी उचलायला हात पुढं केला.

"ती नको, वहिनी!" विनूभाऊ एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. मग ओशाळून हळू आवाजात म्हणाले, "ती अन्नपूर्णा सापडली त्या दिवशीची आहे. माई मला काही सांगायला निघाली होती ना. मी रोज ठेवतो समोर."

ते माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांनी संत्र्याची फोड साफ केली, बी काढली आणि माईंच्या ओठांशी धरली. जगाला वापस या, वापस या म्हणून हैराण करणारा माणूस आईच्या कानाशी वाकून म्हणाला, "घाई नको करू, माई. आरामात ये. सुपारी इथंच आहे."